खाणीवरचं चाऱ्याचं गवत

बडोद्याजवळच्या वासण्याहून मेटाडोर निघाली ती दुर्गंधी घेऊनच. मागे छाणियु खातर (शेणखत), पुढे मी आणि ड्रायव्हर रमणभाई. वाळवून भरा म्हणून कितीदा सांगितलं, तरी ओलंच भरलं. हालोलच्या पुढे रेडिएटर उकळला.

"वजन बहु छे, साहेब."

"पाण्याचं आहे, रमणभाई. पाणी वाहून नेतोय आपण!"

मग बंद खाणीचा राखाडी ढीग दिसला. त्यावर पुन्हा झाडं उगवायची, हे माझं काम. शिशाने मेलेली माती. शेणखत घातलं की धातू बऱ्याच अंशी बांधले जातात, हळूहळू झाडं तग धरतात. पण पाहणीला येणाऱ्या साहेबांना हिरवं लगेच हवं असतं. म्हणून मी चाऱ्याचं गवत पेरलं. झक्क आलं. पावसाळ्यात पाती तपासली, तर त्यांत शिसं. कुंपण आहे, कोण खातंय, असं म्हणून गप्प बसलो.

कुंपणाच्या तारेवर गोधड्या वाळत होत्या. आत बकऱ्या चरत होत्या.

"आवो साहेब!" त्यांची मालकीण रेवलीबेन खुशीत होती. "तमारा घासथी (तुमच्या गवताने) दूध वाढलं!"

"पितं कोण?"

"पोरं. बकरी थोडीच पिणार?"

माझा तोल सुटला. "हाका आधी बकऱ्यांना बाहेर! पाटी लावलीय ना?"

तिने पाटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. इंग्रजीत होती. मीच लावलेली.

"खायचं नव्हतं तर चारा पेरला कशाला?"

"लवकर हिरवं दिसावं म्हणून," मी म्हणालो. "त्यात विष आहे, बेन. मला पावसाळ्यापासून माहीत होतं."

तिने बकऱ्या बाहेर काढल्या, मग ती माझ्याकडे वळली. "दूध शेजारीही जातं. चाल, तूच सांग."

दारोदार तेच वाक्य बोललो. एका बाईने माझ्यासमोर तांब्या अंगणात उपडा केला. "आणि प्यायलेलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, पोरांचं रक्त तपासू. त्यापलीकडे मला ठाऊक नव्हतं. मग सगळ्यांनी मिळून गवत उपटलं. रमणभाईही वाकले, शिव्या देत.

खत उतरवून बडोद्याला परतताना हाताला मातीचा वास होता. शेणखत आपल्या गतीने काम करत होतं, घाई मला झाली होती. साहेब येतील तेव्हा त्यांना उघडा ढीग दिसेल. पाहू देत. मी तेव्हा पोरांना घेऊन इस्पितळात असेन. मेटाडोर तेवढी धुवायला हवी, आणि रमणभाई आत्तापासूनच म्हणतायत, ते काही त्यांचं काम नाही.