मावशींचा राहिलेला नवस

तामलवाडीहून तुळजापूरला गेलो, तेव्हा शेजारच्या मावशींचा राहिलेला नवस मी परस्पर फेडून आलो. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

मावशी ऐंशीच्या पुढच्या. पहिला दात पडला तेव्हापासून देवीला नवस बोलत आल्यात. आधी नव्या दातासाठी, मग लग्नासाठी, मग लेकरांसाठी. शेवटचा होता कवळीसाठी: घट्ट बसली तर साडीचोळी वाहीन. कवळी अशी बसली, की मावशी ऊस सोलून खातात. साडीचोळी मात्र राहूनच गेली होती.

साडीचोळी वाहून आल्याचं सांगत मी प्रसादाचा पेढा पुढं केला, तशा मावशी माझ्यावर खेकसल्या.

"तुला कुणी सांगितलं होतं रं? एक नवस म्या कायम मागं ठिवते. त्यो फेडून घेतल्याबिगर आई मला न्हेत न्हाय. आता कशापायी ठिवंल ती मला?"

मी घाबरलोच. "मग आता काय करायचं, मावशी?"

मावशींनी डोळे मिटून हात जोडले. "आई, ह्याला अक्कल येऊ दे. आली, की त्याच दिवशी येऊन तुझी ओटी भरते."

मग त्यांनी निवांत पेढा खाल्ला.

घरी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. मावशींना आता मरण न्हाय."