आळेफाट्यापर्यंत दम धरा

"गाठ लघवीच्या पिशवीत आहे," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. "बहुतेक पिशवीच काढावी लागेल." मग पोटाला भोक ठेवून लघवी बाहेरच्या थैलीत घ्यायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी एसटीत कंडक्टर होतो. खांद्याला एक पिशवी आहेच, आता पोटाला दुसरी, असं मी बायकोला, सुमनला म्हणालो. ती हसली नाही. नोकरी गेल्यातच जमा होती.

चूक माझीच. जळजळ सुरू झाली तेव्हा उन्हाळी लागली म्हणून तीन महिने सब्जा आणि धन्याचं पाणी पीत बसलो. लघवी लाल झाली तरी लाजेपोटी गप्प. तुम्हाला रक्त दिसलं, एकदाच का होईना, तर डॉक्टर गाठा. लाज घरी ठेवा.

सिस्टोस्कोपी झाली, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून आत पाहिलं. बायॉप्सीसाठी गाठीचा तुकडा तपासायला गेला. आठ दिवस घास गोड लागला नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "पिशवी काढायची नाही. हा लिम्फोमा आहे. या जागी असा मी आयुष्यात दुसऱ्यांदाच पाहतोय."

लिम्फोमा म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच कॅन्सर. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. एरवी तो मानेत, काखेत गाठी करतो. तो आणखी कुठे नाही हे स्कॅनमध्ये आणि हाडातल्या मगजाच्या तपासणीत कळलं. त्याला चाकू नको, औषध पुरे.

केमोथेरपी दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा. केस गेले. एक औषध लालभडक, त्या दिवशी लघवीही लाल व्हायची. आधी सांगितलं नसतं तर घाबरूनच मेलो असतो. दुसरं औषध पिशवीला आतून सोलवटतं, म्हणून भरपूर पाणी प्यायचं.

एवढं पाणी पिऊन पुण्याहून एसटीने ओतूरला घरी यायचं. एकदा मंचरच्या पुढे मला कळ निघेना. एकोणीस वर्षं नगरहून येताना राजुरीच्या अलीकडे कुणी लघवीला गाडी थांबवा म्हटलं, की मी एकच सांगत आलो होतो, आळेफाट्यापर्यंत दम धरा. आता माझीच मान खाली. शेवटी सुमनने कंडक्टरला विचारलं, "भाऊ, गाडी थांबवता का जरा? ह्यांना दम निघत नाय."

तो दुसऱ्या डेपोचा, मला ओळखत नव्हता. त्याने घंटीची दोरी ओढली. "जा पावणं, सावकाश जा. गाडी कुठं जात नाय."

परत आलो तर भरलेली गाडी गप बसून होती. कुणी घड्याळही पाहिलं नाही. औषधाचं नवल वाटत होतंच, पण त्या गाडीत चढताना मला रडू आलं.

शेवटच्या डोसनंतर पुन्हा दुर्बीण घातली. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. गाठीच्या जागी गुलाबी, गुळगुळीत अस्तर होतं, त्यावर बारीक लाल रेघा. माझ्या आत इतकी सुंदर जागा आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

कामावर रुजू झालो त्याच आठवड्यात, राजुरीच्या अलीकडे एक म्हातारी जागेवरून उठली. पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. काय हवं ते तिला सांगता येईना.

मी दोरी ओढली. "जा आजी, सावकाश जा. गाडी कुठं जात नाय."