लालबागात मन लावून वाचणं

मी आणि शेजारची शेवंता, दोघी दुपारच्या गॅलरीत पुस्तकं घेऊन बसायला लागलो आणि किस्से असे साठले, की अभ्यासाआधी तेच पाठ झाले!

परीक्षा होती सुईणीच्या कोर्सच्या प्रवेशाची. सातवी पास चालत होती. एक पान वाचायला द्यायचे, घड्याळ लावायचे, पान काढून घ्यायचे आणि मग प्रश्न. पहिल्या खेपेला माझं पान अर्धंच वाचून झालं! सासूबाईंनी सांगून टाकलं, "आणखी एकदा बस. नाय जमलं तर पोरीला घे नि गावी चल."

पोर अजून अंगावर पिणारी. गावात दवाखाना नाही, डॉक्टर नाही. पण तोंडावर म्हटलं, "जमेल!"

*

शाळेत आम्हाला मोठ्यानं वाचायलाच शिकवलेलं. मनात कसं वाचतात ते ठाऊकच नव्हतं! आणि घरात धाकटे दीर रात्रपाळी करून दुपारी झोपलेले. मग मी कुजबुजत वाचायची.

एकदा बाळंतपणाचा धडा निम्म्यावर आला आणि पोर उठली, म्हणून मी पुस्तक मिटलं. तर चादरीच्या आतून आवाज, "वैनी, अडलेल्या बाईला मधेच टाकून कुठं चाललीस?"

*

आठवड्यातून दोनदा दादरहून एक बाई आम्हाला शिकवायला येत. त्या म्हणाल्या, "तुमचे ओठ हलतात, म्हणून वेग येत नाही. तोंडात पाण्याची गुळणी धरून वाचा."

धरली. आणि खरंच, डोळे भराभर धावायला लागले! तेवढ्यात सासूबाई बाजारातून आल्या.

"अगो, भात टाकलास?"

मी गप्प. गाल फुगलेले.

"पोरीला पाजलंस?"

मी गप्पच.

त्यांनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा गो बघा! अजून नर्स झाली नाय, तर सासूशी बोलत नाय!"

पान संपलं तशी मी गुळणी गिळली नि म्हटलं, "झालं वाचून. आता बोला!"

*

पोर रांगती. डोळे पुस्तकात, जीव तिच्यात. स्टोव्हला हात लावेल, जिन्यावरून घरंगळेल... एकच ओळ पुन्हापुन्हा वाचायची मी!

शेवंता म्हणाली, "जुन्या लुगड्याचा काठ तिच्या कमरेला बांध, दुसरं टोक तुझ्या पायाच्या अंगठ्याला. ओढ बसली तर वर बघ, नायतर बघूच नको."

काय सांगू, त्या दुपारी अख्खा धडा एका बैठकीत झाला! एकदाही ओढ नाही. शेवटी मान वर केली तर काठाचं टोक पाण्याच्या पिंपाच्या तोटीला! पोर सासूबाईंच्या मांडीवर.

"पिंप रांगायला लागलं की सांगते हां," त्या म्हणाल्या.

*

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीखालून सारखे मोर्चे. घोषणा सुरू झाल्या की दादरच्या बाई म्हणत, "कानात कापूस घाला. लक्ष विचलित होतं."

एक दिवस शेवंता भडकली. तिचा नवरा त्याच मोर्चात! "कापूस गिरणीत घाला, बाई! आमचे कान उघडेच राहणार!"

ती कठड्याशी उभी राहिली आणि पाठांतराची ओळ मोर्चाच्या सुरात ठोकली, "सुईणीचे हात साबणानं स्वच्छ..."

खालून अख्खा रस्ता गरजला, "झालेच पाहिजेत!"

बाई पुस्तकाचं पान उलटून म्हणाल्या, "शेवंताबाई, मोर्चा वळायच्या आत कात्री उकळायचंही घेऊन टाका!"

*

माझ्या परीक्षेच्या दिवशी शहरात गडबड होणार अशी आवई होती. मी वाटेत अडकले तर पोर उपाशी, म्हणून तिला घरी ठेवून जायची छाती होईना. कडेवर घेऊनच हॉस्पिटलात गेले.

परीक्षा घेणाऱ्या मेट्रनबाईंच्या कपाळाला आठी. "मूल घेऊन परीक्षा? लक्ष लागायचं नाही. मूल मोठं झालं की या."

"मी थांबेन हो," मी म्हटलं, "पण बाळंतिणी थांबतील का? द्या ते पान."

त्यांनी पान दिलं, घड्याळ लावलं आणि पोरीनं भोकाड पसरलं! मी मान वर केली नाही. एक ओळ संपली की पुढची. शेवटच्या ओळीवरून डोळा निघाला आणि त्यांनी पान ओढून घेतलं. त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. पोर रडतच होती. एक उत्तर चुकलं नाही!

मेट्रनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मांडीवर एवढा आकांत. तुम्हाला ऐकू तरी आला का?"

"आला ना. भुकेचं रडणं होतं. दुखण्याचं असतं तर तुमचं पान भिरकावून दिलं असतं!"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आधी तिला पाजा," त्या म्हणाल्या. "मग शेजारच्या खोलीत शिंपी बसलाय. युनिफॉर्मच्या पोलक्याचं माप देऊन जा."