प्रश्न आला की बसणारे गमरेभाऊ

लहान मुलानं प्रश्न विचारला की गमरेभाऊ खाली बसत. असतील तिथे, असतील त्या कपड्यांत. जिन्यात, भाजीवालीच्या टोपल्यांशेजारी, एकदा तर डोंबिवली स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत. पँट झटकायला म्हणून खिशात एक वेगळा रुमालच असे. "उभ्या माणसाला उत्तर देऊन निघायची घाई असते," ते म्हणत. "बसलं की निघता येत नाही."

आमची पहिली भेट अशीच झाली. आम्ही त्या इमारतीत राहायला गेलो त्याच आठवड्यात मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तिसरा मजला चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक चाळिशीचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ पायरी अडवून बसले होते. समोर त्यांची मुलगी मैत्री आणि माझी ओवी. दोघी पाच वर्षांच्या, ओळख होऊन जेमतेम दोन दिवस झालेले.

"काका, देवाला शू लागते का?" ओवी विचारत होती.

मी जिन्यातच गार झाले. आमच्या घरी असल्या प्रश्नांना एकच उत्तर होतं, "असं बोलू नये, देव रागावतो." ओवीच्या बाबांचं दुसरं एक होतं, "आईला विचार." गमरेभाऊंनी मात्र हनुवटी खाजवून खरोखरीचा विचार केला.

"मला माहीत नाही गं. तुला काय वाटतं?"

"लागत असणार. अभिषेकाचं एवढं दूध कुठे जातं मग?"

"मुद्दा आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, जागचे न हलता, "नमस्कार ताई. दोन मिनिटं थांबता का? आमचं होतच आलंय."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि थांबले. दुसरा मार्गच नव्हता.

गमरेभाऊ ठाण्यात नौपाड्याला एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. वीस वर्षं भिंतीवरची अक्षरं लोकांकडून वाचून घेतल्यामुळे माणसांबद्दल त्यांची काही ठाम मतं झाली होती. "ताई, पोरं चटकन सांगतात, दिसत नाही. मोठी माणसं सांगत नाहीत. अंदाजानं ठोकून देतात. एक साहेब तर माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून ओळ पाठ करून आलेले! मी म्हणतो, दिसत नाही तर दिसत नाही म्हणा ना. नंबर चुकीचा लागला तर डोकं तुमचंच दुखणार."

हे ते चष्म्याबद्दल बोलत असत. मला मात्र दर वेळी आपल्यालाच बोलतायत असं वाटे.

एकदा ओवीनं मला विचारलं, "मैत्रीकडे देवघर का नाही?" मी कुकरची शिटी मोजत होते. "त्यांचा देव वेगळा आहे," असं म्हणून मोकळी झाले. पाचव्या मिनिटाला ओवी समोरच्या गमऱ्यांच्या दारात. "काका, आई म्हणते तुमचा देव वेगळा आहे. कुठेय?" मी शिट्या सोडून मागे धावले. तोवर गमरेभाऊ उंबऱ्याशी मांडी घालून बसलेले होते.

"आमच्याकडे देव नाही. आमच्याकडे बुद्ध आहेत. ते माणूस होते, तुझ्या-माझ्यासारखे. खूप विचार करायचे."

ओवीनं टेबलावरच्या मूर्तीकडे आणि तिच्यासमोरच्या केळ्यांकडे निरखून पाहिलं. "मग ही केळी ते खातात?"

"नाही. ती संध्याकाळी मी खातो."

"आमच्याकडेपण बाबाच खातात," ओवी म्हणाली, आणि दोन्ही घरं तिच्या लेखी एकसारखी झाली.

माझ्या सासूबाईंना मात्र हे प्रकरण पसंत नव्हतं. त्या साताऱ्याकडच्या. वय बहात्तर, देवधर्म कडक. "तो माणूस पोरीचं डोकं फिरवणार बघ," त्या म्हणत. गणपतीत त्यांची खात्रीच पटली.

त्याचं असं झालं. बाप्पा कशाचा बनतो, असं ओवीनं गमरेभाऊंना विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सुट्टीच्या दिवशी दोघींना कल्याणला मूर्तीच्या कारखान्यात नेलं आणि कारागिरालाच विचारायला लावलं. मुली कोपरापर्यंत शाडू माखून परत आल्या. मग चतुर्थीला घरी गुरुजी आले, मूर्ती पाटावर बसली, सगळे हात जोडून उभे, आणि ओवीनं शांततेत जाहीर केलं, "हा मातीचा आहे. मी आतून बघितलाय. आत काहीच नाहीये."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. गुरुजी तरुण होते, ते हसले. "बरोबर आहे बाळा. म्हणून तर आता मंत्र म्हणायचे."

"मग मंत्रानं आत बाप्पा कुठून येतो?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना अजून सहा घरं करायची होती. ओवी माझ्याकडे वळली. "गमरेकाका म्हणाले, ते आईला विचार, तिला जास्त माहीत असेल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी 'देव रागावतो' म्हणायला तोंड उघडलं, आणि कसं कोण जाणे, खरं तेच बोलून गेले. "मला माहीत नाही, ओवी. पण आरती सुरू झाली की मला माझे बाबा आठवतात. ते बेसूर म्हणायचे आणि सगळ्यात मोठ्यानं. मला ते आवडतं, म्हणून मी दर वर्षी बसवते."

ओवीला ते पटलं. सासूबाईंना नाही. "सगळं त्या समोरच्याचं शिकवणं," त्या पुटपुटल्या.

दोन दिवसांनी गौरी आल्या. मैत्री नवा फ्रॉक घालून बघायला आली. ओवीनं आपल्या हातातली अर्धी फुलं तिला दिली आणि दोघी गौरीपुढे सरकल्या. तेवढ्यात सासूबाईंनी मैत्रीच्या ओंजळीतली फुलं अलगद काढून घेतली. आवाज अगदी गोड होता. "तू इथूनच बघ हं बाळ. ओवी वाहील."

मी तिथेच होते. मी ऐकलं, मला समजलं, आणि मी काय केलं, तर मैत्रीच्या हातावर दोन करंज्या ठेवल्या. तिनं त्या खाल्ल्या नाहीत.

गमरेभाऊ तिला न्यायला आले. जिन्याच्या कठड्याशी मैत्रीनं खणखणीत आवाजात विचारलं, "पप्पा, आजींनी मला फूल का नाही वाहू दिलं? ओवीला दिलं." मी दारातून पाहत होते. गमरेभाऊ बसले नाहीत. कठड्यावर हात ठेवून उभेच राहिले. "चल, उशीर झालाय," म्हणाले. समोरच्याच दारात जायचं होतं, उशीर कसला व्हायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीचा हात धरून ते आमच्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा मात्र झोप न झालेला. सासूबाई वाती वळत होत्या.

"आजी, हिनं काल मला एक प्रश्न विचारला. मला उत्तर येतं, पण ते मी तिला सहाव्या वर्षी सांगू इच्छित नाही. मला माझ्या वडिलांनी सहाव्या वर्षीच सांगितलेलं. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं." आवाजात राग नव्हता. असता तर सासूबाईंना सोपं गेलं असतं. "मैत्री, विचार."

मैत्रीनं विचारलं.

सासूबाईंच्या बोटांतली वात तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण या वेळी मी करंज्या आणायला गेले नाही. त्या म्हणाल्या, "मला लहानपणी असंच शिकवलं होतं गं. कुणी हात लावायचा, कुणी नाही."

"का?"

"ते मी विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"मार बसला असता."

मैत्रीनं क्षणभर विचार केला. "आता नाही बसणार. आता विचारा."

"कुणाला विचारू? सांगणारे सगळे मेले," सासूबाई म्हणाल्या, आणि आधी हसू की काय असं करत एकदम त्यांचे डोळेच भरून आले. "चुकलं माझं, बाळ. ये, आज तू वाहा फुलं."

"नको," मैत्री म्हणाली. "मला फक्त का ते पाहिजे होतं."

गमरेभाऊंनी खिशातला रुमाल काढला, पँट झटकायचा, आणि त्यातच नाक शिंकरलं.

त्या दिवसानंतर सासूबाई बदलल्या असं मी म्हणणार नाही. कडकपणा गेला नाही. पण त्या विचारायला लागल्या. प्रथम अडखळत, मग वेळी-अवेळी. टीव्हीवरच्या बाबांना, गॅसवाल्याला, मला. "हे असंच का करायचं गं?" हा प्रश्न मला दिवसातून चारदा येऊ लागला. मी वैतागून गमरेभाऊंकडे तक्रार केली, तर ते म्हणाले, "दात येतायत त्यांना. होणारच त्रास."

मग गमरेभाऊंनी माजिवड्याला घर घेतलं. दुकान जवळ पडणार होतं. ओवी दोन दिवस जेवली नाही. नव्या घराच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो, सासूबाईसुद्धा. त्या सर्वांच्या आधी तयार होऊन बसल्या होत्या. नातेवाईक जमलेले, वंदना झाली, भगव्या चीवरातले भंते धीम्या आवाजात बोलले. भंतेंना बाराच्या आत जेवावं लागतं आणि घड्याळात पावणेबारा झाले होते. गमरेवहिनींची ताटं वाढायची धांदल चाललेली. तेवढ्यात सासूबाई पदर सावरत भंतेंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"विचारू का एक?"

"थांबा सगळे," गमरेभाऊ हात वर करून ओरडले. "वाढणं थांबवा. आजींचा प्रश्न आहे." वहिनींनी घड्याळाकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. तीसेक माणसं हातात रिकामी ताटं धरून उभी राहिली.

"तुम्ही घर सोडलंत," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा आईला काय सांगितलंत?"

"सांगितलं नाही, आजी," भंते म्हणाले. " चिठ्ठी ठेवली होती."

"आई आहे का?"

"आहे. गावी असते."

"मग आज फोन करा तिला," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी जेवून घ्या, बारा वाजतील."