बोरसेबाईंचा तुलनेचा गट

बोरसेबाईंच्या पर्समध्ये एक किलो मिठाची पिशवी असायची. कुठल्याही बालवाडीत वजनकाटा मांडला की त्यावर आधी मीठ बसायचं, मग मूल. ती पिशवी त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तोलून चिकटपट्टीने बंद केली होती, आणि तिच्यावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा सख्ख्या भावावर नव्हता. उधन्याच्या भाजीबाजारात एकदा त्यांनी ती काढून सरळ वांगीवाल्याच्या काट्यावर ठेवली. काटा खोटा निघाला. वांगीवाला वैतागून म्हणाला, "बेन, शाक लेवा आव्या के धाड पाडवा?" बाई शांतपणे म्हणाल्या, "भाव तुझा, वजन माझं." आणि त्याच्याकडूनच वांगी घेऊन आल्या.

सुरतेच्या एका गृहविज्ञान कॉलेजात मी शिकवते. बोरसेबाई तिथे माझ्या वरिष्ठ होत्या आणि माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकही. मूळच्या खानदेशातल्या, शिरपूरकडच्या. घरच्यांशी अहिराणी, शिपायांशी गुजराती आणि आमच्याशी मराठी बोलायच्या. तिन्ही भाषांत रागावल्यासारख्याच वाटायच्या. मी एखाद्या मुलाबद्दल "अशक्त दिसतंय" म्हटलं की लगेच यायचं, "काय व माय, तुला दिसलं की तुला वाटलं?" एका विद्यार्थ्याने दोन मुलांची वजनं घरी बसून ठोकून दिली होती. त्याच्याकडून त्यांनी अख्ख्या बालवाडीची वजनं पुन्हा करून घेतली, स्वतः उन्हात उभं राहून, आणि काम झाल्यावर त्याला गरम लोचो खाऊ घातला. "आकड्याला आई-बाप नसतात रे," त्या म्हणाल्या, "आपणच त्याला नीट वाढवायचं असतं." मी त्यांना घाबरायचे आणि त्यांच्यावर जीवही टाकायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण याच बाईंनी माझी चार वर्षं मातीत घातली.

आमचा अभ्यास नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, लाडवांचा होता. डांगच्या डोंगरउतारावर नागली पिकते, तिला पाणी कमी लागतं, जमीनही फार चांगली लागत नाही. ती शहरातल्या गरीब मुलांच्या पोटात रोज सकाळी गेली तर काय होईल, एवढाच प्रश्न. नागली, शेंगदाणे आणि गूळ घालून एक लाडू. त्याने वजन वाढतं का आणि मूल शिकायला जास्त बसतं का, ते बघायचं. बसण्याचं माप बाईंनी शोधलेलं होतं: सेविकेने एक लांबलचक गोष्ट सांगायची आणि शेवटपर्यंत किती मुलं जागची हलत नाहीत ते बघायचं. कतारगामच्या बालवाडीला लाडू मिळणार होता. भेस्तानच्या बालवाडीला नेहमीचाच नाश्ता, लाडू नाही. तो आमचा तुलनेचा गट. ज्यांना मिळालं नाही ती मुलं शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय लाडवाने काय केलं ते कळणार कसं?

भेस्तानची बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या घरांतली. बाप लूमवर, आई घरात साड्यांवर टिकल्या चिकटवत बसलेली. तिथे जाण्याचं काम बाईंनी माझ्याकडे दिलंच नाही. म्हणाल्या, "तू कतारगाम बघ. भेस्तान मी बघते. तू कच्ची आहेस, पोरांत जीव अडकवशील आणि काम बिघडवशील." तिकडे जाताना पर्समध्ये खडीसाखरसुद्धा न्यायची नाही, हा नियमही त्यांचाच. मला तो पटला होता. पीएच.डी. झाल्याशिवाय कॉलेज मला कायम करणार नव्हतं, आणि आमच्या घरी तर सासूबाईंनी पेढे कुठल्या दुकानातून आणायचे इथपर्यंत ठरवून टाकलं होतं.

शेवटचे आकडे हातात आले आणि मी गारच पडले. दोन्ही बालवाड्यांत काडीचा फरक नव्हता. लाडू खाणारी आणि न खाणारी, दोन्हीकडची मुलं सारखीच वाढलेली, गोष्टही सारखीच ऐकत बसलेली. मी पुन्हा पुन्हा तपासलं. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली: भेस्तानच्या सेविकेने, रेखाबेनने, गुपचूप काहीतरी खायला घातलं असणार. बाईंना बरोबर घेऊन मी तिच्यावर चालून गेले. "खरं सांगा रेखाबेन, कतारगामहून लाडू आणवत होता ना?"

"में तो कंई नथी आप्युं, बेन, काहीच दिलं नाही मी," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "माझ्या लेकरांची शपथ घेते."

बाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. "तिला काही बोलू नकोस," एवढंच म्हणाल्या. परतताना रिक्षात त्या अक्षर बोलल्या नाहीत. निकाल लागला नाही म्हणून बाईंना वाईट वाटलं असेल, असं मी समजले. शहाणीच मी.

तरी माझं अगदीच बुडालं नव्हतं. लाडवाचा उपयोग दिसत नाही, असं प्रामाणिकपणे लिहिलं तरी पदवी मिळते. फक्त मग तो लाडू कतारगामलाही बंद होणार आणि पुढे कुठल्याच बालवाडीत जाणार नाही, हे मला आणि बाईंना दोघींनाही माहीत होतं. मी लिहायला घेतलं. बाईंनी प्रत्येक पान वाचलं, स्वल्पविराम सुधारले आणि निष्कर्षाच्या पानावर काहीही खूण न करता ते परत दिलं.

कॉलेजात वर्षाकाठी संशोधनाची एक सभा असते. त्या दिवशी आमच्या आधी एक डॉक्टर बोलले. कॅन्सरच्या रुग्णांपैकी कोण किती जगेल याचा अंदाज आधी कसा बांधायचा, हा त्यांचा विषय. मग मी माझं मांडलं. टाळ्या पडल्या. तेव्हा ते डॉक्टर हसतमुखाने उठले आणि म्हणाले, "मला एक सांगा. लाडू न खाणारी मुलं इतकी छान कशी वाढली? माझ्याकडे औषध न मिळालेले रुग्ण जास्त जगायला लागले, तर मी आधी खूश होत नाही. आधी चौकशी करतो." माझं उत्तर तयार होतं. हवामान, सरकारी नाश्त्यात झालेली सुधारणा वगैरे. मी तोंड उघडलं तेवढ्यात पहिल्या रांगेतून बोरसेबाई उठल्या.

"त्यांनाही लाडू मिळत होता," त्या म्हणाल्या. "मी देत होते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. प्राचार्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी "काय?" असं अगदी हळू विचारलं. बाई माईककडेही आल्या नाहीत, जागेवरूनच बोलल्या.

"भेस्तानच्या एका पोरीच्या आईने तिच्या हाती डबा पाठवला. कळण्याची भाकरी आणि ठेचा. का, तर 'आपली गावनी बाई शे' म्हणून. मी खाल्लं, डबा धुतला. आता रिकामा डबा परत कसा द्यायचा? आमच्यात देत नाहीत. कोणी साखर घालतं, कोणी गुळाचा खडा. माझ्याकडे लाडू होते, मी ते घातले. तो पहिला डबा मी रीतीने भरला, त्याबद्दल मला काही वाटत नाही. पुढच्या आठवड्यात आणखी डबे आले. ते मी समजून उमजून भरले. मग मी घरीच आठवडाभर पुरतील एवढे लाडू वळायला लागले, आणि हळूहळू सगळ्याच घरांतून डबे येऊ लागले. आयांच्या लक्षात आलं होतं. एका डब्यात तर नुसती एक हिरवी मिरची यायची. त्या बाईच्या घरात पाठवायला दुसरं काही नव्हतं, पण डबा परत भरून यावा म्हणून ती मिरची पाठवायची. तो डबा मी रिकामा पाठवू शकले नाही." इथे त्या थांबल्या, पाणी प्यायल्या. "रेखाबेनने काही केलेलं नाही. या मुलीने काही केलेलं नाही. लाडवाचा उपयोग नाही, असं लिहू नका. तो दोन्हीकडे लागू पडला आहे. पण हा अभ्यास आता कामाचा नाही. रद्द करा."

मागे चहा ओतणाऱ्या माणसानेही किटली खाली ठेवली. मिठाची पिशवी घेऊन फिरणारी ही बाई, दोन वजनांसाठी पोराला उन्हात उभं करणारी ही बाई. मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "बाई, माझं काय?"

"तुझं वाटोळं केलं मी," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

"मला आधी एकटीला सांगता आलं नसतं? चारचौघांत कशाला?"

"एकटीला सांगितलं असतं तर तू मला गप्प बसवलं असतंस." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "आणि मी बसले असते."

अभ्यास रद्द झाला. बाईंचं मार्गदर्शकपद गेलं. स्टाफरूममध्ये पुष्कळ दिवस चघळायला विषय झाला. जे त्यांच्यासमोर मान वर करत नव्हते ते आता नैतिकतेवर बोलायला लागले. बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि उधन्याला भावाच्या घरी राहायला गेल्या. मी दुसऱ्या मार्गदर्शकांकडे पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला लाडू दोन्ही बालवाड्यांना मिळणार होता, एकीला आधी, दुसरीला काही महिन्यांनी, म्हणजे तुलनाही होईल आणि कुणी कायमचं कोरडंही राहणार नाही. ही कल्पना मला कशावरून सुचली ते मी कुणाला सांगितलं नाही. लाडवाचा गुण दिसला, पदवी मिळाली, कायमही झाले. बाईंचा दर दिवाळीला फोन यायचा. मी तो वाजू द्यायचे. राग माझ्या मनातून जातच नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो पैशाचा, पदवीचा, वर्षांचा राग नव्हता. जिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला ती बाई मनाने कच्ची निघाली, याचा होता.

मागच्या वर्षी ते कॅन्सरवाले डॉक्टर पुन्हा कॉलेजात आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या बोरसेबेन माझ्याकडे आहेत. त्यांना विचारूनच सांगतोय." त्यांच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर नवं औषध, निम्म्यांना नुसते नेहमीचे उपचार. बाईंच्या वाट्याला दुसरी चिठ्ठी आली होती. "दुखणं पुढे गेलंय," डॉक्टर म्हणाले. "मी त्यांना म्हटलं, तुम्ही चाचणीतून बाहेर पडा, मी खटपट करून ते औषध तुम्हाला मिळवून देतो. ऐकत नाहीत. तुम्ही तरी सांगा."

मी तशीच उधन्याला गेले. भावजयीने दार उघडलं. आत पलंगावर कुणी म्हातारी बसली होती, तिला ओलांडून मी बाईंना शोधायला लागले, आणि ती म्हातारी म्हणाली, "बस. जेवलीस?" तेव्हा आवाजावरून मी बाईंना ओळखलं. इतक्या वर्षांचं काय काय बोलायचं ठरवून गेले होते, ते सगळं राहिलं. मी एकदम म्हणाले, "बाई, निघा त्या चाचणीतून. डॉक्टर स्वतः सांगताहेत."

"त्यांना माझी दया आलीय," बाई म्हणाल्या. "भला माणूस आहे. पण असं एकेकाला बाहेर काढत बसला तर त्याच्या चाचणीत राहील कोण?"

मग मात्र माझा तोल गेला. "हे तुम्ही मला सांगताय? तुम्ही? भेस्तानच्या पोरांना बघून तुम्हाला एक आठवडा राहवलं नाही. माझं सगळं घालवलंत त्यांच्यासाठी. आणि आता स्वतःच्या जिवाची वेळ आली तर नियम पाळत बसलाय?" भावजय स्वयंपाकघरातून धावत आली. मी रडत होते, बोलत होते, आणखी काय काय बोलले ते मला नीट आठवतही नाही.

बाईंनी मला बोलू दिलं. मग भावजयीला खुणेने परत पाठवलं.

"ती पोरं होती," त्या म्हणाल्या. "बिनलाडवाच्या गटात बसता का, म्हणून त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या आयांनाही नीट कळेल असं आपण विचारलं नव्हतं. मला डॉक्टरांनी विचारलं. दोन्ही चिठ्ठ्यांत काय आहे ते बसून समजावलं. मी हो म्हटलं."

मग त्यांनीच भावजयीला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. बाई त्याच उन्हाळ्यात गेल्या. ते नवं औषध त्यांनी एकदाही घेतलं नाही.