वाकडे सरांची चिक्की

वाकडे सरांचं आडनाव वाकडे नव्हतं. वीस वर्षं कंपनीच्या संघातून हॉकी खेळून ते कमरेत असे वाकले होते, की बसच्या रांगेतसुद्धा हातात स्टिक असल्यासारखे उभे राहत. नाव आम्हा पोरींनी ठेवलं. त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "बरं केलंत. ताठ माणसाला चेंडू सापडत नाही."

परदेशी माल आला, कंपनीची घडी विस्कटली, आणि सगळ्यात आधी बंद झाला तो हॉकीचा संघ. मग सर हडपसरला आमच्या शाळेमागच्या मैदानावर शिकवायला आले. मैदान कसलं, नुसते खड्डे! चेंडू कधी उसळेल याचा नेम नाही. म्हणून त्यांनी आम्हाला चेंडू अडवताना स्टिक जमिनीपासून चार बोटं वर धरायला शिकवलं.

गोल झाला की गोल मारणारीकडे ते ढुंकूनही बघत नसत. एकच प्रश्न, "पास कुणाचा?" जिचा पास, तिला खिशातली चिक्की. सगळ्यात जास्त गोल माझे, आणि चार वर्षांत मला चिक्कीचा तुकडा नाही! मला याचा भयंकर राग यायचा.

पहिल्यांदा टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या सपाट मैदानावर खेळलो आणि आमचा पार फज्जा उडाला. तिथे चेंडू उसळतच नाही. सरळ, जमिनीला चिकटून येतो. आम्ही आपल्या स्टिका उचलून उभ्या, आणि चेंडू खालून पसार. आठ गोल खाल्ले. परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. तरुणपणी भारतीय संघाच्या निवड शिबिरातून मीही असाच बाहेर पडलो होतो. मैदान बदललं, माझा हात बदलला नाही."

टर्फवाला क्लब आमच्यातल्या एकीलाच घ्यायला तयार होता. सरांनी मला स्कूटरवर बसवून तिथे नेलं आणि निम्म्या वयाच्या प्रशिक्षकाला म्हणाले, "पोरगी गुणी आहे. सवय माझी आहे, तेवढी मोडा." मला रडूच फुटलं.

"आणि तुमच्या हाताचं काय, सर?"

"बघू. म्हातारा आहे, पण अजून माझाच आहे."

दर शनिवारी तेच मला सोडायला यायचे आणि सराव संपेपर्यंत जाळीबाहेर उभे राहायचे. मला वाटायचं, माझा खेळ बघतायत. मी आपली मिरवत होते.

पुढच्या वर्षी त्याच टर्फवर आमच्या क्लबचा सामना सरांच्या नव्या पोरींशी पडला. स्टिक वर धरायची त्यांची खोड मला पाठ होती. पहिलाच चेंडू जमिनीलगत जोरात हाणला. समोरच्या एवढ्याशा पोरीने स्टिक आडवी टेकवली आणि चेंडू जागच्या जागी थांबला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. आम्ही एका गोलने हरलो.

नंतर कळलं, हडपसरला नवीन आयटी पार्क झालं होतं. रविवारी त्याचं पार्किंग रिकामं असायचं, आणि गेटवरचा वॉचमन सरांच्या जुन्या संघाचा गोलकीपर. त्या गुळगुळीत काँक्रीटवर सर आधी स्वतः शिकले, मग पोरींना शिकवलं. शनिवारी जाळीतून जे बघितलं, ते रविवारी तिथे.

हरूनही मला इतका आनंद कधी झाला नव्हता. सर पोरींच्या घोळक्यात उभे होते.

"पास कुणाचा?"

दोघी-तिघींनी हात वर केले. सर त्यांच्यामधून वाट काढत माझ्याकडे आले आणि माझ्या हातात चिक्की ठेवली.

"हिचा," म्हणाले.