दोन खुणांचा डेस्कटॉप

आता माझीच अब्रू मीच काढतो, ऐका. पण हसायचं नाय, आधीच सांगतो!

काळाचौकीच्या आमच्या मंडळात गणपतीत रोज सकाळी स्पीकरवर भूपाळ्या लावायचं काम माझं. मंडळाच्या कॉम्प्युटरवरून. त्यात विंडोज नाय, लिनक्स. एकाच मशीनमध्ये तीन डेस्कटॉप, म्हणजे समोर येणारा पडदा तीन तऱ्हेचा. चालू करताना कुठला यायचा, ते आपण ठरवायचं.

ह्या साली चिटणीस झाली सुजाता, आमच्याच चाळीतली पोर. तिने काय केलं? माझा साधा पडदा काढून चकचकीत लावला. खाली चित्रं टुणटुण उड्या मारतात! मी भूपाळी शोधू, की त्यांच्या मागे धावू?

"तात्या, होईल हो सवय."

"मला नको सवय! माझा पडदा मी निवडणार."

"निवडा. पासवर्ड टाकायच्या आधी कोपऱ्यातलं चक्र दाबा. पण नाय जमलं तर उद्यापासून भूपाळ्या मी लावणार. चालेल?"

"चालेल, पळेल, धावेल!"

सकाळी चक्र दाबलं. तीन नावं आली, तिन्ही इंग्रजी! मी चौथीत शाळा सोडलेला. पण अक्कल सोडली नव्हती ना? म्हटलं, नाव जेवढं लांब तेवढ्या भानगडी जास्त. सर्वात छोटं दाबलं. एक अक्षर, एक आकडा. खलास!

पडदा काळा ठिक्कर. चित्र नाय, बटण नाय, काय नाय! नंतर कळलं, तो पडदा नुसत्या कीबोर्डवर चालतो. बंद करून परत चालू केलं. परत काळा! घाईत चक्र दाबायचं राहिलं, आणि मेल्याने माझी निवड लक्षात ठेवलेली.

वरच्या गॅलरीतून मालवणी वहिनी ओरडल्या, "तात्यानू, गणपती उठान बसलो, भूपाळी खंय?"

"येतेय!"

हार मानतो काय मी? माइक ओढला आणि स्वतःच गायला लागलो. शब्द विसरलो तिथे ताना मारल्या. अशा ताना, की समोरच्या बिल्डिंगीतले दिवे लागले!

सुजाता तोंडात ब्रश घेऊनच धावत आली. आधी माइक बंद केला, मग हात जोडले. "तात्या, तुमचा साधाच पडदा लावते. कायमचा. पण गाऊ नका!"

संध्याकाळी मीटिंग. आमच्या मंडळात चहा कुठून मागवायचा ह्यावर पण भांडणं होतात. पण त्या दिवशी सगळ्यांचे हात एकदम वर! ठराव पास: पडदा तात्यांच्या पसंतीचा, माइक कुलपात.

म्हणजे जिंकलं कोण? मीच की!

फक्त त्या कुलपाची चावी मला सोडून अख्ख्या चाळीकडे आहे.